शंभरपर्यंत म्हणता आलं म्हणजे मोजता आलं का?

‘चार वर्षांच्या मुलाला १ ते १०० न अडखळता आलेच पाहिजेत. बोटांवर मोजू देऊ नका, हात पाठीमागे ठेवायला लावा. मणी-चिंचोके म्हणजे टाइमपास. दर रविवारी घड्याळ लावून परीक्षा घ्या.’ हा मेसेज ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. कळव्याला राहणाऱ्या माझ्या ताईने तो मनावर घेतला आणि आता आकडे म्हणायला सांगितले की माझी भाची रडायला लागते. मी बालवाडीत शिकवते. गप्प बसणं शक्य नाही.

आधी शंभरचं बघू. पाठांतर लागतं, हे मान्य. मराठीत अकरापासून पुढचे आकडे नुसत्या नियमाने बनवता येत नाहीत, कानावर पडून पडूनच ते बसतात. पण आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली लहान मुलांकडे ठरावीक संख्येच्या वस्तू मागून पाहिल्या. आकडे ओळीने म्हणणाऱ्या कित्येक मुलांनी मोजून न देता नुसती मूठभर वस्तू उचलून दिल्या.

तीच चाचणी घरी करा, त्यासाठीच चिंचोके लागतात. डब्यात पंधराएक ठेवा. पाचच ठेवलेत तर डबा रिकामा करणारं मूलही पास होईल. आधी तीन मागा, मग पाच, मग दोन. ओळीने मागितलेत तर ते अंदाजाने देतं. दिल्यावर ‘पाचच आहेत ना? मोजून बघ,’ म्हणा आणि चूक सुधारायची संधी द्या. मग विचारा, ‘किती झाले?’ पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून नीट उमगलेलं नाही असं समजा. एकदा चुकलं म्हणून लगेच ठपका ठेवू नका, दुसऱ्या दिवशी बाटलीची बुचं घेऊन पुन्हा बघा. चिंचोका तोंडात-नाकात घालणारं मूल असेल तर पहिल्यापासून मोठी वस्तूच घ्या.

बोटांचा मुद्दा वाचून मात्र संताप आला. एक वस्तू, एक आकडा ही जोडी मूल बोट लावूनच पक्की करतं. बोट पुढच्या चिंचोक्यावर गेलं आणि तोंड मागेच राहिलं, की नेमकं कुठे अडतंय ते आपल्याला दिसतं. हात पाठीमागे ठेवायला लावलेत तर मुलाचा आधार जातो आणि आपल्याला काही कळतही नाही. वर मूल घाबरतं ते वेगळंच.

घड्याळाबद्दल एवढंच सांगते: २०२२च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ३ ते ८ वयासाठी परीक्षांचा असा बडगा अयोग्य ठरवला आहे. मूल खेळताना बघा आणि वहीत टिपून ठेवा.

हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर तो चुकीचा आहे असं लिहावं. ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी आजच लिहिलंय.