पेठेचा इतिहास रद्दीत घालू नका

कोल्हापूरच्या इतिहासाचा विषय निघाला की आपली गाडी ताराराणी, शाहू महाराज आणि पन्हाळा यांच्यापुढे सरकत नाही. त्यात गैर काही नाही. त्याच्याही पलीकडं जायचं तर इंग्रज अधिकारी मेजर ग्रॅहॅमचा कोल्हापूर संस्थानावरचा १८५४ चा रिपोर्ट आणि १८८६ चं सरकारी गॅझेटियर. त्यांत सारा, जमिनी, पिकं, जातीपाती सगळं आहे. पण त्यानंतरची पेठ कुणी लिहिली? तालमी, मंडळं, दुकानं, भाऊबंदक्या?

माझं मत विचाराल तर ती लिहायला छापखानेवाल्यासारखा दुसरा माणूस नाही.

आमच्या भागात असे एक अण्णा होते. पुढं पुस्तकांचं दुकान, मागं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, लग्नसराईत पत्रिका, एरवी बिलबुकं. बारशापासून बाराव्यापर्यंत पेठेतलं सगळं आधी यांच्या नजरेखालून जायचं, तेही उलट्या अक्षरांत. कोण कुणाचा जावई, कुठली पतसंस्था बुडायला लागलीय, हे त्यांना गावाआधी कळायचं. प्रत्येक कामाचा एक नमुना तारेला टोचून ठेवायची त्यांची सवय. त्याच तारेवरून त्यांनी पेठेचा इतिहास लिहिला.

लिहिला म्हणजे काय, जुळवला. छोट्या छापखान्यात अख्ख्या पुस्तकाला पुरतील एवढे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, नसतात. आठ पानं जुळवायची, प्रूफ काढायचं, छापायची, मग तेच खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकायचे आणि पुढची आठ पानं घ्यायची. म्हणजे छापून झालेल्या पानात नंतर काही घालायची सोयच नाही. तिसऱ्या प्रकरणातल्या तालमीचा कागद सातवं चालू असताना सापडला, तर तो सातव्यातच येणार. अण्णांचं पुस्तक वाचताना लोक म्हणतात, कुठलं काय कुठं घातलंय! अहो, खिळेच तेवढे होते. त्यात रंकाळा, पन्हाळा, कळंबा लिहायचं म्हणजे ‘ळ’चा खण कायम रिकामा.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. रंकाळ्यावरच्या संध्यामठाजवळचा नंदी रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो, ही ऐकीव गोष्ट. आणि १९४५-४६ साली ब्रह्मपुरीच्या टेकडीवर डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेलं उत्खनन, हा पुरावा. अण्णांनी दोन्ही एकाच दमात, एकाच ठसक्यात सांगितलंय. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला मिळालेली रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ती बघून आलेला माणूस तिथं वैतागणारच. मीही वैतागलो. पण म्हणून ‘हौशी लेखन’ असा शेरा मारून पुस्तक बाजूला टाकणाऱ्या विद्वानांशी माझं जमत नाही. नंदी वगळा की! तालमींच्या वर्गणीच्या याद्या तुम्हाला दुसरीकडं कुठं मिळणार आहेत?

बाबूराव पेंटरांची सिनेमाची पोस्टर्स आज आपण कलेचा ठेवा म्हणून मिरवतो, मिरवायलाच पाहिजेत. पण कुस्त्यांचं खासबाग मैदानही १९१२ चं आहे. तिथं कुणाची जोड कुणाशी लागली, इनाम किती, तिकीट किती, हे ज्या हँडबिलावर छापलं ते पातळ रंगीत कागद कुणी जपले? मैदान सुटलं की त्यात शेंगा बांधल्या जायच्या.

धंद्यात अण्णांना या पुस्तकानं काही दिलं नाही. पाचशे प्रती काढल्या. पेठेतल्या लोकांनी आधी आपल्या आजोबांचं नाव आहे का बघितलं, असलं तर घेतलं, नसलं तर भांडण काढलं. उरलेले गठ्ठे माळ्यावर. पुढं ऑफसेट आलं, डीटीपी आलं, खिळे किलोवर मोडीत गेले. नमुन्यांची तार पोरांनी रद्दीवाल्याला दिली. आणि ज्या छापखान्यांत असं काही उरलं होतं, त्यातलं बरंच २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलं असणार. शाहूपुरीत पाणी कुठवर होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, विद्यापीठ १९६२ पासून. ग्रंथ जपायची सोय गावात आहे. या चिटोऱ्यांसाठी मात्र एक कपाटसुद्धा कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. मागायला हवं, आणि ते पेठेतल्याच माणसांनी.

तोवर एवढं करा. दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा जुन्या पत्रिका, मंडळाचे अहवाल, कुस्तीची आणि निवडणुकीची पत्रकं वेगळी काढा. अगदी तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं, ते कापू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. मला मेसेज टाका. घरी येऊन स्कॅन करतो आणि मूळ कागद तिथंच परत देतो. चहा नाही दिला तरी चालेल.