लाइटवाल्या बंडूला प्राध्यापक करायचं का?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभापाशी बसलं की विषय सिनेमावर जातोच. परवा तो मकरंदनं काढला. त्याचा भाचा लॉस एंजेलिसच्या सिटी कॉलेजात सिनेमा आणि टीव्ही शिकतोय. हे कम्युनिटी कॉलेज. प्रवेशाला चाळणी नाही, तिथल्या रहिवाशाला फी युनिटमागं (क्रेडिटमागं) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटच्या विषयाला १३८. शिकवायला मात्र हॉलिवूडमध्ये काम केलेली माणसं. "आपल्याकडं हे का होत नाही?" एवढंच तो म्हणाला आणि कॉलेजात शिकवणारे अजित सर उसळले.

"कोण म्हणतं नाही? यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणलंय. १५ वर्षांचा अनुभव हवा, पदवी नसली तरी चालतं, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतात. पण मला हे मान्य नाही. काम येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. आम्ही नेट-सेट काय हौसेनं दिली?"

बंडू मालिकांच्या सेटवर लाइट करतो. तो म्हणाला, "सर, मग मी अर्ज करू का?"

"नियमात 'शक्यतो वरिष्ठ पदावरचा' असं लिहिलंय रे."

"म्हणजे दिग्दर्शक चालंल, नट चालंल, लाइटवाला नाही. अवो, उजेड कुठनं येतो ते कोण सांगणार पोरांना?"

बंडूचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मोठं नाव बोलावलं म्हणजे उद्योग वर्गात आला, असं कॉलेजांना वाटतं. शिल्पानं तिच्या कॉलेजातला प्रकार सांगितला. मास मीडियाला असताना एक नामवंत नट आला, दोन तास किस्से सांगितले, सगळ्यांनी फोटो काढले. शिकलं काय, तर काही नाही. पुढं पुण्यात एडिटिंगला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की संवादांच्या मधल्या फटी भरायला त्याच खोलीतली शांतता लागते. सेटवर सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसता रूम टोन घ्यायचा असतो. "तीन वर्षांत एकानंही हे सांगितलं नव्हतं. पंखा चालू असताना एक टेक, बंद असताना दुसरा, आणि दोन्ही जोडायला माझ्या टेबलावर! एखादा साउंडवाला असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, आधी पंखा बंद करा."

सर ऐकणाऱ्यांतले नाहीत. "हे झालं तंत्र. ते बदलतं. निगेटिव्ह कापणाऱ्यांची सगळी विद्या डिजिटल आल्यावर निकालात निघाली. विद्यार्थ्याला 'असं कर' सांगणारा नको, 'असं का' सांगणारा हवा."

"मूकपट काढणारे बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते?" बंडू स्तंभाकडं हात करून म्हणाला. "कॅमेरा घरी बनवला. दामले, फत्तेलाल, शांताराम, सगळे त्यांच्या हाताखाली तयार झाले."

मग मी तोंड घातलं. ते खरंच, पण बाबूरावांच्या हाताखाली शिरायला कोल्हापुरात असावं लागायचं, आणि त्यांनी आपल्याला घ्यावं लागायचं. तिथं शिकलेल्यांनी १९२९ साली इथंच 'प्रभात' फिल्म कंपनी काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि १९६० मध्ये त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथं साठच्या दशकात ऋत्विक घटक शिकवायला होते. सिनेमे करणारा माणूस आणि 'असं का' विचारणाराही. सरांना हवा तो आणि बंडूला हवा तो एकाच माणसात असू शकतो. पण इन्स्टिट्यूटच्या जागा मोजक्या. गारगोटीच्या किंवा गडहिंग्लजच्या पोरानं कुठं जायचं? माझा सगळा जीव ह्या प्रश्नात आहे. साध्या कॉलेजात, साध्या फीत, काम करणारा माणूस भेटला पाहिजे.

मकरंदनं तिकडचे नियमही सांगितले. कॅलिफोर्नियात कामाशी जोडलेल्या विषयांना कुठलीही पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, नाहीतर दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव लागतो. ह्यात न बसणाऱ्याची पात्रता समकक्ष धरायचीही सोय आहे. शिवाय अर्धवेळ शिकवणाऱ्याला एका 'कॉलेज जिल्ह्यात', म्हणजे एका कारभाराखालच्या कॉलेजांत, पूर्णवेळच्या ६७ टक्क्यांवर काम देता येत नाही.

"म्हणजे तिकडंही तासिका तत्त्वच!" सर हसले नाहीत, चिडले. त्यांनी उमेदीची वर्षं तासिकेवर काढली आहेत. "वर्गात उभं राहिल्याचेच पैसे. वह्या तपासल्याचे नाहीत, पोराशी तासानंतर बोलल्याचे नाहीत. असा माणूस वर्षभर टिकेल का?"

इथं सगळे गप्प झाले, कारण मुद्दा बिनतोड होता. सिनेमा शिकवण्यातलं खरं काम तर तासानंतरच असतं. पोरानं आणलेलं फुटेज शेजारी बसून बघायचं, कॅमेऱ्यानं दोन पात्रांमधली काल्पनिक रेषा कुठं ओलांडली, दोघं बोलतायत पण एकमेकांकडं बघत का नाहीत, ते थांबवून दाखवायचं. दहा मिनिटांच्या फिल्मला दोन तास जातात. ते तास पगारात धरले नाहीत तर येणारा माणूस किस्सेच सांगणार.

शिल्पा म्हणाली, एका विषयाला दोघं नेमा. शूटिंग लागलं की एक जाईल, दुसरा वर्ग घेईल, आणि सरांसारखा कुणीतरी वर्षभर सोबत राहील. सरांनी 'बघू' म्हटलं. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

बंडूचा हिशोब तयार होता. "रविवारी सुट्टी असती, मी येतो. पण वर्गात पंधराच पोरं पायजेत, प्रत्येकाचा हात लाइटला लागला पायजे. आणि पैसं महिन्याच्या महिन्याला, प्रॉडक्शनवाल्यांगत नव्वद दिवसांनी नकोत."

मकरंदनं फोन काढून ते लिहून घेतलं. सोमवारी सरांच्या प्राचार्यांना भेटायचं ठरलंय.