क्यूटी लांबला म्हणून गोळी विष ठरत नाही

‘हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या सगळ्या गोळ्या ईसीजीतला क्यूटी वाढवतात. तो 450 च्या वर गेला की हृदय कधीही थांबेल. गोळी आजच बंद करा.’ हा संदेश खूप फिरतो आहे. तो वाचून कुणी खरंच गोळी सोडेल, याची मला काळजी वाटते. क्यूटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांना एका ठोक्यासाठी विजेने चेतून पुन्हा सावरायला लागणारा वेळ; तो ईसीजीवर मिलिसेकंदांत मोजतात.

‘सगळ्या गोळ्या’ हेच मुळात चूक. मेटोप्रोलॉल, व्हेरापामिल यांनी क्यूटी सहसा लांबत नाही. मेक्सिलेटिन तर जन्मजात लांब क्यूटीच्या एका प्रकारात तो कमी करण्यासाठीच देतात.

सोटालॉलने मात्र क्यूटी लांबतो, आणि औषधाचं काम त्यातूनच होतं. ठोका पडून गेल्यावर पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा त्या पुढच्या ठोक्याला तयार होतात. सोटालॉल ही वाट अडवतं. पेशी उशिरा सावरतात आणि ताल बिघडवणाऱ्या, गोल गोल फिरणाऱ्या भरकटलेल्या विजेच्या लहरीला पुढे सरकायला तयार पेशीच सापडत नाहीत.

आता 450. हा आकडा ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेल्या क्यूटीचा, तोही पुरुषांसाठी; स्त्रियांची मर्यादा थोडी जास्त असते. शिवाय सूत्र कोणतं, यावरही उत्तर बदलतं. ठोके मिनिटाला 100 आणि मोजलेला क्यूटी 360 मिलिसेकंद असेल, तर बाझेटच्या सूत्राने 465 येतात, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने 427. माणूस तोच, ईसीजी तोच! डॉक्टर जास्त सावध होतात ते 500 च्या पुढे, किंवा औषध सुरू केल्यापासून 60 हून अधिक वाढ झाली तर.

धोका खोटा नाही. टोर्साड द प्वांत हा जीवघेणा ताल याच औषधांनी सुरू होऊ शकतो. म्हणूनच सोटालॉल सुरू करताना रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. पण नुसत्या लांबीवरून धोका ठरत नाही. अमिओडारोन हे तालाचंच दुसरं औषध क्यूटी बराच लांबवतं, तरी त्याने हा ताल क्वचितच उद्भवतो, कारण ते इतर वाटाही अडवतं. उलट रक्तातलं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम घटलं, ठोके मंदावले किंवा क्यूटी लांबवणारं दुसरं औषध, उदाहरणार्थ काही अँटिबायोटिक्स, जोडीला आलं की धोका वाढतो.

राहिलं ‘आजच बंद करा’. ज्या तालासाठी गोळी दिली होती, तो परत येऊ शकतो. अमिओडारोन तर शरीरातून जायला आठवडे, महिने घेतं. अहवालातला आकडा खटकला तर चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा. चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.