कपडे वाळवायचे कुठे?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या ज्या टॉवरमध्ये माझा भाऊ राहतो, तिथल्या सोसायटीने पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस लावली. ग्रिलबाहेर, खिडकीबाहेर किंवा रस्त्यावरून दिसेल अशा बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, घातल्यास दंड होईल. कारण दिलंय, इमारतीचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बिघडतं. त्यांचं जुनं वॉशिंग मशीन तसंही मोडकळीला आलेलं, त्यामुळे नोटीस लागल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर नव्या मशीनचा विषय पेटला. दादाचं म्हणणं, धुणारं आणि वाळवणारं असं एकच मशीन घेऊ, जागा वाचेल. वहिनीला वेगळा ड्रायर हवाय. आई म्हणते, उन्हासारखं दुसरं काही नाही, ड्रायर म्हणजे पैसे जाळण्याचे धंदे. आणि मग सगळ्यांनी मला विचारलं, कारण मी जर्मनीत राहते आणि इथे घरोघरी ड्रायर असतो असं तिघांनीही धरून ठेवलंय.

तसं नाही. स्टुटगार्टमध्ये आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची एक खोली आहे. प्रत्येक बिऱ्हाडाचं मशीन तिथे ओळीने मांडलेलं, ज्याच्या त्याच्या मीटरला जोडलेलं. शेजारी वाळवण्याची खोली: भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या, वर एक खिडकी, आणि कोणाचे कपडे कधी याची पाळी लिहिलेला कागद. बाल्कनीत स्टँड ठेवायलाही परवानगी आहे, फक्त कपडे कठड्याच्या वर दिसायला नकोत. शेजारपाजारच्या लहान मुलं असलेल्या घरांत ड्रायर आहे, तो हिवाळ्यात चालतो. बाकीचे लोक दोरी आणि घडीचा स्टँड यांवरच भागवतात, कारण वीज महाग आहे. म्हणजे ज्या देशाचा दाखला देऊन दादा ड्रायर घ्यायला निघालाय, तिथे इमारत बांधतानाच कपडे कुठे वाळतील याचा विचार झालेला असतो.

यावर वहिनीने लिहिलं, "तुमच्याकडे पाऊस किती पडतो ते सांग." तिचा मुद्दा रास्त आहे. स्टुटगार्टला वर्षभरात जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत विखुरलेला. ठाण्यात साधारण २,५०० मिलिमीटर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की दोरीवरच्या कपड्यातलं पाणी जायला जागा उरत नाही. जर्मनीची वाळवणाची खोली उचलून ठाण्यात आणली तरी जुलैत ती कुबट वासाचं कोठार होईल. त्यामुळे "आम्ही इथे दोरीवर भागवतो, तुम्हीही भागवा" असा उपदेश मला करायचा नाही. परदेशात राहणाऱ्यांनी घरच्यांना काटकसर शिकवू नये, विशेषतः जिथे ती काटकसर दुसऱ्याच कोणाच्या तरी पाठीवर पडते.

इथे ती वहिनीच्या पाठीवर पडते. ती ऐरोलीला आयटी पार्कमध्ये काम करते. पावसाळ्यात तिच्या घरात पडद्याच्या दांड्यांवर चादरी, जेवणाच्या खुर्च्यांच्या पाठींवर जीन्स, हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड. रात्री झोपण्याआधी सगळे कपडे उलटून घालायचे, सकाळी मुलांच्या शाळेच्या गणवेशाचे ओले काठ इस्त्रीने वाळवायचे. तरी मोज्यांना वास येतोच. दोन खोल्यांत रोज बादलीभर वाफ सोडल्यामुळे कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरते आणि धाकट्याचा खोकला ऑगस्टभर हटत नाही. या सगळ्याचा हिशेब ग्रुपवर कोणी मांडला नाही. विजेच्या बिलाचा मात्र लगेच मांडला.

आईचं ऊन मला मान्य आहे. उन्हात कपडे फुकट वाळतात, पांढरे पांढरे राहतात, जंतूही मरतात. ड्रायरच्या जाळीत साठणारा कापूस हा आपल्याच कपड्यांचा झिजलेला धागा असतो, तेव्हा आईच्या सुती साड्या त्यात घालू नयेत हेही खरं. पण आई ज्या नौपाड्यातल्या चाळीत आम्हाला वाढवत होती, तिथे लांब गॅलरी होती, उंचावर बांबूची वलणी होती, काठीने कपडे वर चढवता यायचे आणि पागोळ्यांच्या आत, वाऱ्यावर ते वाळायचे. नाही वाळले तर चूल-शेगडीची ऊब होती. आणि मुख्य म्हणजे दिवसभर घरात कोणीतरी होतं, आभाळ भरून आलं की धावत जाऊन कपडे काढणारं. टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर यातलं काहीच नाही. तिथे आहे ती ड्राय बाल्कनी: स्वयंपाकघराला लागून, एक मशीन, एक मोरी आणि एक माणूस मावेल एवढी. बिल्डरच्या नकाशात तिचं कामच कपडे धुणं आणि वाळवणं हे आहे. सोसायटीच्या नव्या नियमाने तिथली दोरीही संशयित झाली, कारण ती मागच्या रस्त्यावरून दिसते!

आता मशीनचं बोलते, कारण दादाला सल्ला हवाच होता.

सगळ्यात आधी पिळण्याकडे बघावं. कपडे मशीनमधून बाहेर येतात तेव्हा त्यांत किती पाणी उरलंय यावर पुढचं सगळं ठरतं. ५ किलो सुती कपडे सातशेच्या आसपास आरपीएमवर (म्हणजे ड्रमचे मिनिटाला तितके फेरे) पिळले तर साडेतीन लिटरच्या घरात पाणी उरतं, १४०० वर पिळले तर अडीच लिटरच्या आसपास. हा एक लिटरचा फरक मोटर काही मिनिटांत काढते आणि त्याला वीज नगण्य लागते. तेच एक लिटर पाणी उष्णतेने उडवायचं तर काहीही वाया न जाता ०.६३ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्त. युरोपात मशीनवरच्या लेबलावर पिळण्याचाही वेगळा दर्जा छापतात, ए ते जी. आपल्याकडे आरपीएमचा आकडा माहितीपत्रकात असतो, पण दुकानात गेलं की सेल्समन किती प्रोग्रॅम आहेत आणि मोबाइलवरून मशीन कसं चालतं हेच सांगत बसतो. ठाण्याच्या घराला फ्रंट लोड आणि १२०० ते १४०० आरपीएम, एवढं धरून चालावं. फ्रंट लोड पाणीही टॉप लोडच्या निम्म्याच्या आसपास घेतं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घोडबंदरला ते लहान कारण नाही.

टँकरवरून आठवलं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर मशीनच्या हीटरवर क्षार बसतात आणि पावडर नीट काम करत नाही. जर्मनीत पावडरच्या खोक्यावर मऊ, मध्यम आणि जड पाण्यासाठी किती माप घ्यायचं याचा तक्ता असतो. ठाण्यात तो नसला तरी पाण्याची तपासणी सोसायटीने एकदा करून घेतली तर शेकडो मशीनं वाचतील. एलिव्हेशनवर खर्च होणाऱ्या वेळातला थोडा वेळ इकडे द्यायला हरकत नाही.

दादाचं एकत्र मशीन, म्हणजे वॉशर-ड्रायर, मला पटत नाही. अशा मशीनवर ८ किलो लिहिलेलं असतं ते धुण्याचं, वाळवताना ते ५ किलोच घेतं, म्हणजे धुतल्यावर तीन किलो कपडे बाहेर काढून ठेवा आणि बाकीचे वाळवा. धुणं-वाळवणं मिळून पाच-सहा तास मशीन अडकतं. त्यातलं काही बिघडलं की धुणंही बंद. आणि यांतली बरीच मशीनं कपड्यातून निघालेली वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात. कपडे वाळवण्यासाठी पाणी खर्च करायचं, तेही टँकरचं, हे मला सहनच होत नाही. एकट्या माणसाच्या वन आरकेला हे मशीन ठीक असेल, पाच माणसांच्या घराला नाही.

राहिला वहिनीचा वेगळा ड्रायर. त्यात नळीचा ड्रायर सगळ्यात स्वस्त. तो हवा तापवून कपड्यांतून फिरवतो आणि गरम दमट हवा नळीने बाहेर फेकतो. नळी खिडकीबाहेर काढली नाही तर तीच वाफ घरात आणि तीच बुरशी भिंतीवर. दुसरा कंडेन्सर ड्रायर, तो वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो, पण उष्णता हीटरचीच. तिसरा हीट पंपाचा. त्यात फ्रिजसारखंच चक्र असतं: वाफेचं पुन्हा पाणी होताना जी उष्णता सुटते ती पकडून तो पुढच्या हवेला देतो. कपडे कमी तापतात, वेळ जास्त लागतो, पण वीज हीटरवाल्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. युरोपीय संघाचे नवे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाले. ते इतके कडक आहेत की आता तिथल्या बाजारात नवा ड्रायर आणायचा तर तो हीट पंपाचाच लागतो, हीटरवाले बाद झाले. भारतातही हीट पंपाचे ड्रायर मिळू लागलेत, किंमत मात्र दुखते.

तरीही मी वहिनीच्या बाजूने आहे, आणि हिशेब करून आहे. पावसाळ्याचे चार महिने, एक दिवसाआड एक खेप धरली तर साठेक खेपा. हीट पंपावर खेपेला एक ते दीड युनिट, म्हणजे मोसमाला ६० ते ९० युनिट. हीटरवर खेपेला तीन धरले तरी १८०. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, आणि एसी असलेलं घर आधीच वरच्या टप्प्यात असतं, म्हणून ड्रायरचं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग दराने पडतं. इथे हीट पंपाची जास्तीची किंमत हळूहळू वसूल होते. ऑक्टोबर ते मे मात्र दोरीच. आठ महिने ठाण्याला जे ऊन मिळतं, त्यासाठी जर्मनीतले लोक सुट्टी काढून दक्षिणेला जातात.

घेताना एक प्रश्न दुकानात नक्की विचारावा: सुटे भाग किती वर्षं मिळतील? युरोपात वॉशिंग मशीनच्या महत्त्वाच्या भागांसाठी ही मुदत १० वर्षांची आहे, तीही ते मॉडेल विकणं बंद झाल्यापासून मोजलेली, आणि ती कायद्याने बांधलेली आहे. आपल्याकडे मोटरवरच्या वॉरंटीची जाहिरात मोठ्या अक्षरात असते, पण मशीन बंद पडतं ते बहुधा पीसीबी (मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) किंवा दरवाजाच्या रबरामुळे. राम मारुती रोडवरच्या दुकानदाराला हे विचारलं की तो आधी गडबडतो, मग सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. तो फोन आपल्यासमोरच व्हायला हवा.

पण मशीनची चर्चा इतकी लांबवली तरी मूळ दुखणं नोटिशीत आहे असं मला वाटतं. सोसायटीने वाळवण्याची जागा काढून घ्यायची आणि ती प्रत्येक घराने हजारो रुपये मोजून मशीनच्या रूपात परत विकत घ्यायची, हा अन्याय आहे. ज्याला परवडेल तो ड्रायर घेईल. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारं कुटुंब काय करेल? ते ओले कपडे बेडरूममध्येच वाळवत राहील. अमेरिकेतल्या अनेक वसाहतींनीही घरांच्या किमती पडतात म्हणून कपड्यांच्या दोऱ्यांवर बंदी घातली होती. शेवटी फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा राज्यांना कायदा करून लोकांचा दोरी बांधण्याचा हक्क राखावा लागला. जिथे घरोघरी ड्रायर आहे त्या देशात ही वेळ आली. आपण त्यांचा ड्रायर घेतोय आणि त्यांनी मोडीत काढलेली बंदीही घेतोय.

आणि दूर कशाला, खाडीपलीकडे बेलापूरला बघा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी आखलेल्या तिथल्या वसाहतीत लहानातल्या लहान घरालाही आभाळाखालची स्वतःची थोडी जागा ठेवली होती. उष्ण देशात अशी जागा म्हणजे घराचीच एक खोली आहे, हा त्यामागचा विचार. त्याच प्रदेशात आज कोटीचा फ्लॅट घेणाऱ्याला टॉवेल कुठे टाकायचा याची परवानगी मागावी लागते. इमारत सुंदर दिसावी याला माझा विरोध नाही. कठड्याच्या खाली दोरी, बाहेरच्या बाजूला एकसारखी जाळी, पाणी खालच्या मजल्यावर ठिबकू नये एवढा नियम पुरेसा आहे. तो सगळ्यांना पाळता येतो.

दादाशी परवा बोलणं झालं. मशीन फ्रंट लोड, ८ किलो, १४०० आरपीएमचं ठरलंय. ड्रायर हीट पंपाचा, तो वहिनी स्वतः बघून घेणार आहे, मशीनच्या डोक्यावर रचता येईल असा, कारण ड्राय बाल्कनीत दुसरीकडे जागा नाही. तिथल्या प्लगला १६ अँपिअरची वेगळी लाइन आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यायचंय. आणि सोसायटीच्या सभेत दादा दोन गोष्टी लेखी मांडणार आहे: ड्राय बाल्कनीत कठड्याच्या आतल्या दोरीला नियमातून वगळावं, आणि गच्चीवर पत्र्याची शेड टाकून, जाळी लावून, विंगवार पाळीने कपडे वाळवण्याची सोय करावी. गच्चीची किल्ली सध्या वॉचमनकडे असते आणि ती कोणालाच देऊ नये असा तोंडी हुकूम आहे. तो हुकूम कोणी दिला, हेही सभेत विचार असं मी त्याला सांगितलंय.