आपल्याच खर्चाच्या कार्यालयात पाहुण्यासारखं कसं वागावं

आमदार किंवा खासदार साहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात जायचं ठरवलंयत? जा की. पण हात हलवत जाऊ नका. घरात जेवढी म्हणून कागदपत्रं असतील त्या सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून न्या, कारण तिथं नेमकी तीच मागतात जी तुम्ही आणलेली नसते. अर्ज एका पानात बसवा. दुसरं पान कुणी उलटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

बोर्डावर ‘वेळ : सकाळी १० ते २’ असं रंगवलेलं असतं. ही वेळ कार्यालयाची, साहेबांची नव्हे. अधिवेशन चालू असलं की साहेब मुंबईला नाहीतर दिल्लीला असतात. अधिवेशन नसलं की दौऱ्यावर असतात. आणि दौराही नसला की, ‘आत्ताच गेले बघा, दहा मिनिटं आधी आला असतात तर भेट झाली असती.’ हे दहा मिनिटांचं गणित मी तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन ताडून पाहिलंय. कायम दहाच. फोन करून जावं म्हणाल, तर जरूर करा. जनसंपर्क कार्यालयाचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर असतो, हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकण्यासारखं आहे.

आता मुख्य पथ्य. रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकलात, डोक्यावर पंखा फिरायला लागला, समोर कटिंग आला, की माणसाच्या डोक्यात एक घातक विचार शिरतो : हे सगळं आपल्याच पैशांतून चाललंय. हा विचार शिरला की उठून पाणी प्या. तरी गेला नाही तर निदान चेहऱ्यावर दिसू देऊ नका. असल्या चेहऱ्याची माणसं पीए लोकांना दारातूनच ओळखू येतात आणि त्यांचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागतो.

विचार खोटा आहे असं नाही. खासदारांना पगाराशिवाय दोन भत्ते मिळतात, एक मतदारसंघासाठी आणि एक कार्यालयाच्या खर्चासाठी. २०१० साली दोन्ही ४५-४५ हजारांवर गेले. २०१८ साली ७० आणि ६० हजार झाले. २०२५ मध्ये ८७ आणि ७५ हजार. त्या ७५ पैकी ५० हजार संगणक येणाऱ्या सहायकासाठी आणि २५ हजार कागद, पाकिटं, टपाल वगैरेंसाठी. दोन्ही मिळून महिन्याला १,६२,०००. पगार १,२४,००० तो वेगळा. आकडे ऐकून लगेच छातीवर हात ठेवायचं कारण नाही, थोडं थांबा.

त्या २०१० च्या वाढीच्या वेळी लोकसभेत बराच गोंधळ झाला होता. केंद्रातल्या सचिवाला ८०,००० मिळतात, तेव्हा खासदाराला ८०,००१ हवेत, अशी मागणी होती. वरचा एक रुपया मानाचा. हा रुपया लक्षात ठेवा, तो लागणार आहे.

आता भागाकार. २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी अठरा लाखांच्या आसपास मतदार होते. दोन्ही भत्ते मिळून वर्षाचे होतात १९ लाख ४४ हजार. भाग लावला की माणशी एक रुपया आणि वर थोडे पैसे. महिन्याला नव्हे, वर्षाला. म्हणजे दिल्लीत ज्या मानाच्या रुपयावरून भांडण झालं, जवळपास तेवढाच तुमचा या कार्यालयातला हिस्सा. वर्षाला एक रुपया टाकून तुम्ही पंख्याखाली बसणार, चहा पिणार, आणि वर हिशेबही मागणार? थोडी तरी भीड बाळगा.

हिशेब मागितल्यानं काय होतं ते ब्रिटनला विचारा. २००९ साली तिथल्या खासदारांच्या भत्त्यांची बिलं वर्तमानपत्रात छापून आली. ती मुख्यतः दुसऱ्या घराच्या खर्चाची होती, कार्यालयाची नव्हे, पण आग लागली की शेजारचं घर बघत नाही. एकानं तळ्यातल्या बदकांच्या घरकुलासाठी १,६४५ पौंडांचं बिल लावलं होतं. बदकांचं नाव यादीत नसल्यामुळे म्हणा, ते मंजूरही झालं नव्हतं. तरी गृहस्थांना पुढची निवडणूक लढवणार नाही असं सांगावं लागलं. मग तिथं याच कामासाठी एक स्वतंत्र संस्था नेमली, आणि तेव्हापासून कार्यालयाचं भाडं, छपाई, प्रवास, सगळं ओळी-ओळीनं लोकांसमोर मांडलं जातं. एवढं उघडं पडून माणसानं लोकसेवा करायची तरी कशी?

आपल्याकडे असला चावटपणा नाही. मतदारसंघ भत्त्याला बिलं जोडावी लागत नाहीत. त्यावर प्राप्तिकरही नाही. मी नोकरीत असताना एकदा रिक्षाच्या ऐंशी रुपयांची पावती हरवली तर अकाउंट्सनं मला तीन मजले चढवून ‘पावती गहाळ झाल्याबाबत’ असा अर्ज लिहून घेतला होता. तेव्हा कळलं, आपण चुकीच्या सभागृहात आहोत.

कपात होतच नाही असंही नाही हं. करोनाच्या साथीत, २०२० साली, एका वर्षासाठी मतदारसंघ भत्ता ७० वरून ४९ हजारांवर आणला आणि कार्यालय खर्च ६० वरून ५४ वर. ही सहा हजारांची कात्री चालली ती कागद-टपालावर. सहायकाचे ४० हजार शाबूत राहिले. म्हणजे त्या वर्षी तुमच्या पत्राला उत्तर आलं नसेल तर त्याचं कारण हे. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या वर्षांची कारणं वेगळी असावीत.

आमदारांचं काय, असं विचाराल. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विधिमंडळानं आमदारांचं महिन्याचं मानधन ७५ हजारांवरून दीड लाखाच्या पार नेलं. त्यात टपाल आणि कागदासाठी १० हजार, संगणक चालवणाऱ्यासाठी १० हजार, टेलिफोनसाठी ८ हजार असे कप्पे होते. एरवी माइक ओढण्यापर्यंत जाणाऱ्या सभागृहात त्या दिवशी जी एकी दिसली ती पाहून डोळे भरून यावेत. संगणक चालवणाऱ्या पोराला मात्र महिन्याला नेमके किती मिळतात हे त्याला एकदा हळूच विचारून बघा. तो आधी दाराकडे बघेल, मग स्क्रीनकडे, आणि म्हणेल, ‘मिळतात की.’

बरं, पैसे पुरतात का हा खरा प्रश्न आहे, आणि इथं मला खरोखरच साहेबांची दया येते. महाराष्ट्रात एका खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा मतदारसंघ. सहा जागी सोडा, दोन ठिकाणी जरी गाळा घेतला, चार पोरं बसवली, गाडी पळवली आणि आल्या-गेल्याला चहा पाजला, तर एक लाख बासष्ट हजार कुठल्या कुठं जातात. त्यात लग्नाचे आहेर, दहीहंडीचे हार, गणपतीच्या वर्गण्या. मयताला जाऊन यायचं म्हटलं तरी डिझेल लागतं. तुमच्या एका रुपयात हे बसत नाही. कुणाच्याच बसणार नाही.

तरी कार्यालय थाटात चालतं. कसं, हे विचारणं सभ्यपणाचं नाही, पण बसल्या जागेवरून इकडंतिकडं बघायला बंदी नाही. वॉटर कूलरवर ‘सौजन्य’ असं लिहून खाली एक नाव असतं. तेच नाव तुमच्या गल्लीतल्या सिमेंट रस्त्याच्या कोनशिलेवर सापडेल, ‘ठेकेदार’ या शब्दापुढं. गाळ्याचं भाडं कोण भरतं हे गाळेमालकालाही ठाऊक नसतं, कारण त्यानं कधी मागितलेलंच नसतं. त्याचा मागच्या बाजूचा वाढीव मजला मात्र अजून सुखरूप उभा असतो. बाहेरची पांढरी गाडी साहेबांची, हप्ते ‘एका कार्यकर्त्याचे’. उरलेला खर्च ज्यांनी उचललाय ती माणसं ओळखायची खूण सोपी आहे. ती खुर्चीवर बसत नाहीत, सरळ आत जातात. त्यांच्या हातात झेरॉक्स नसते. आणि साहेब त्यांच्यासाठी दहा मिनिटांपूर्वी गेलेले नसतात.

तुम्ही रुपया देऊन हिशेब मागत नाही. ते लाख देतात आणि मागितल्याशिवाय राहत नाहीत. तेव्हा ते आत गेले की आपण भिंतीकडे बघावं. भिंतीवर बघण्यासारखं पुष्कळ असतं.

मी हे नुसतं ऐकून लिहीत नाही. शेजारच्या काकूंचं निराधार योजनेचं अनुदान चार महिने अडकलं होतं म्हणून त्यांना घेऊन अशाच एका कार्यालयात गेलो होतो. टेबलाशी पीए भाऊ. दोन मोबाइल, एक कानाला, एक टेबलावर उताणा. कानाचा न काढता त्यांनी जाडजूड वही पुढं ओढली, काकूंचं नाव, गाव, काम असं लिहिलं आणि अनुक्रमांक घातला : ४१२. मग संगणकावरच्या पोराला मान हलवली. पोरानं एक जुनी फाइल उघडली, नाव खोडलं, काकूंचं घातलं, लेटरहेड प्रिंटरमध्ये सरकवलं. दीड मिनिटात पत्र तयार. सहीचं काम आधीच झालेलं होतं, लेटरहेडचा गठ्ठाच सहीसकट ठेवलेला. आठ-दहा लाख खर्चूनही इतका वेग सरकारी कचेरीत दिसणार नाही, हे मान्य करायला हवं.

पत्राच्या शेवटी ते सुप्रसिद्ध वाक्य होतं : ‘तरी संबंधितांनी नियमानुसार उचित कार्यवाही करावी.’ या वाक्याची गोडी चाखत वाचा. कोण संबंधित, ते तेच ठरवणार. नियम त्यांचेच. उचित काय, हेही त्यांनाच माहीत. एवढ्या सगळ्यांना आदेश देऊन कुणालाही कशाला न बांधणारं दुसरं वाक्य मराठीत लिहून दाखवा. घरी आल्यावर मी पत्र पुन्हा वाचलं. काकूंचं नाव बरोबर होतं. विषय होता : ‘शेतातील जळालेली डीपी बदलून मिळणेबाबत.’ पोरानं वरची ओळ बदलली, खालची राहिली. बदलून आणायला परत जाणं काकूंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून तहसीलात तसंच दिलं. तिथं आवक शिक्का बसला. कुणीही काहीही विचारलं नाही. म्हणून म्हणतो, शिफारसपत्र मिळाल्यावर वाचत बसू नका.

एक आशा काही वर्षांपूर्वीपर्यंत होती. खासदाराच्या शिफारशीवर केंद्रीय विद्यालयात वर्षाला दहा मुलांना प्रवेश मिळायचा, त्या पत्राला खरंच वजन असायचं. २०२२ मध्ये तो कोटाही बंद झाला. आता सगळीच पत्रं सारख्या वजनाची झाली आहेत, कागदाच्या.

शेवटचं पथ्य निवडणुकीचं. वहीतल्या नंबरावर भरवसा ठेवून बसलेल्यांनी निकालाकडे जरा लक्ष ठेवावं. तेलंगणानं मतदारसंघांतून आमदारांसाठी घर आणि कार्यालय मिळून इमारती सरकारी खर्चानं बांधल्या, एकेकीला साधारण एक कोटी. उधळपट्टी म्हणून नावं ठेवायला ते ठीकच आहे, पण आमदार पडला तरी इमारत जागची हलत नाही. आपल्याकडचं कार्यालय माणसाचं असतं, जागेचं नव्हे. साहेब पडले की संध्याकाळी फ्लेक्स उतरतो, दुसऱ्या दिवशी एसी निघतो, भिंतीत चौकोनी भोक राहतं. संगणक कुणाच्या तरी पुतण्याच्या अभ्यासाला जातो. खुर्च्या मंडपवाल्याच्या होत्या हे तेव्हा कळतं. आणि वही?

वहीचं मी विचारलं. काकूंचे साहेब पडले, नवे आले, दोन गल्ल्या सोडून नवा गाळा, नवा बोर्ड, तीच वेळ, १० ते २. आत गेलो तर टेबलाशी तेच भाऊ. तेच दोन मोबाइल, उपरण्याचा रंग तेवढा वेगळा. ओळखीचं हसले. वॉटर कूलरही ओळखीचा वाटला, त्यावरचं नाव वाचून खात्री झाली. पुढ्यात कोरी वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक. भाऊंनी काकूंचं नाव विचारलं.

मी म्हटलं, ‘भाऊ, तुमच्याच हातचं लिहिलेलं आहे की. चारशे बारावा नंबर.’

‘ते त्या साहेबांकडं,’ भाऊ म्हणाले आणि लिहिलं : अ. क्र. ३.

काकू वाटेत एकदम खुशीत होत्या. चारशे नऊ नंबर पुढं आलो म्हणाल्या.