बालेवाडीतला तो दिवस वाया गेला का? (एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चिडून लिहिलीये, पण लिहिणाऱ्याला टेनिस कळतं हे लगेच जाणवलं, म्हणून नुसते आभार मानून विषय संपवावासा वाटला नाही.

जे नंतर वाचायला येतील त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी भाचीला घेऊन पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात चॅलेंजर स्पर्धा (व्यावसायिक पुरुष टेनिसमधली खालची पायरी) बघायला गेले होते, त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं. तुम्ही म्हणता की पुण्यातली एटीपीची, म्हणजे पुरुष टेनिसच्या जागतिक संघटनेची, मोठी स्पर्धा गेली ती गेली, आता उरलीये ती दुय्यम, तिथे जागतिक रँकिंगमधली दीडशे-दोनशे नंबरची पोरं खेळतात, त्यांना ओळखतं कोण, घरी बसून ऑस्ट्रेलियन ओपन याच्यापेक्षा कितीतरी छान दिसते, आणि मी मात्र कोण जिंकलं ते सोडून खेळाडूंची पावलं आणि बॉलचा आवाज यावरच पानं भरली. शिवाय सिंगल्स सोडून दीड तास डबल्स बघत बसले.

आधी माझी चूक. पुण्यात ती मोठी स्पर्धा, एटीपी २५०, सहा वर्षं झाली असं मी लिहिलं होतं, तुम्ही म्हणता पाच वेळा झाली, ते बरोबर आहे. २०१८, १९, २०, २२ आणि २३. २०२१ ला कोरोनामुळे झालीच नाही. मूळ लेखात दुरुस्त केलंय.

आता बाकीचं. २०१९ ची फायनल मी बालेवाडीलाच बघितलीये, केव्हिन अँडरसन विरुद्ध इवो कार्लोविच, एक दोन मीटरच्या वर आणि दुसरा दोन मीटर अकरा सेंटिमीटर, तिन्ही सेट टायब्रेकला (६-६ बरोबरीनंतरचा निर्णायक गेम) गेले आणि अँडरसन जिंकला. स्टँडमध्ये जागा वरची मिळाली होती. टाळ्या वाजवल्या, मजा आली, पण खरं सांगते, त्या मॅचमधलं मला आज काय आठवतं तर सर्व्हिस पडायची आणि समोरचा जागचा हलायचाही नाही. एवढंच. नावं मोठी होती पण मी लांब होते. चॅलेंजरला बाहेरच्या कोर्टवर मी आणि भाची साइडलाइनपासून जेमतेम दहा-बारा फुटांवर बसलो होतो, आणि तिथे बसल्यावर टेनिस नावाचा वेगळाच खेळ दिसतो, जो टीव्हीवर दिसूच शकत नाही. कसा ते सांगते.

टीव्हीचा मुख्य कॅमेरा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेच्या, मागे उंचावर असतो. त्याने २३.७७ मीटर लांबीचं कोर्ट असं दाबल्यासारखं दिसतं, त्यामुळे बॉल कुठे पडला ते अचूक कळतं, तुमचा हा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण बॉल नेटवरून किती उंचावरून गेला आणि टप्पा पडल्यावर किती उसळला हे जवळजवळ कळतच नाही. बाजूने, खाली बसून बघा. टॉपस्पिनचा (बॉलला पुढे फिरकी देऊन मारलेला) फोरहँड नेटच्या चांगला तीन-चार फूट वरून जातो, बाहेर जाणार असं वाटत असतानाच एकदम खाली वाकतो आणि टप्पा पडून समोरच्याच्या खांद्यापर्यंत येतो. तोच खेळाडू पुढच्या बॉलला बॅकहँड स्लाइस (उलटी फिरकी) मारतो तेव्हा बॉल घोट्याजवळून सरपटत जातो. खांदा, घोटा, खांदा, घोटा, समोरच्याला दर वेळी गुडघे वाकवून खाली बसून परत उठायचंय, तेही भर दुपारी. टीव्हीवर हीच रॅली दोघं निवांत ठोकाठोक करताहेत अशी दिसते. दोन तासांनी एखादा मोठा प्लेयर सोपा बॉल नेटमध्ये का मारतो हा प्रश्न मला घरी बसून नेहमी पडायचा, तिथे बसल्यावर पडला नाही.

पावलांचं म्हणाल तर ते माझं निरीक्षण नव्हतंच, भाचीचं होतं. अकरा वर्षांची आहे, आठवड्यातून तीन दिवस टेनिस शिकते, आणि तिचे सर रोज ओरडतात की छोटी पावलं टाक. पहिल्या सेटच्या मधेच ती मला म्हणाली, मावशी बघ, हा प्लेयर बॉल मारायच्या आधी किती वेळा पाय हलवतोय. मग आम्ही दोघींनी दोन गेम बॉल न बघता फक्त त्याचे पाय बघितले. बुटांचा तो किर्र किर्र आवाज, समोरचा मारायच्या क्षणी घेतलेली ती छोटीशी उडी, मग भराभर सात-आठ पावलं. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो, पाय बघायची सवड तो देत नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या सरांनी विचारलं की हिला काय झालं, अचानक पाय चालायला लागले.

आणि दोनशे नंबरची पोरं. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. याच बालेवाडीत फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो चॅलेंजर जिंकला. किती लोकांनी लक्ष दिलं असेल? ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच व्हाशेरो, रँकिंग २०४, शांघाय मास्टर्सला क्वालिफाइंगमधून (पात्रता फेरीतून) आत आला, सेमीफायनलला जोकोविचला हरवलं, फायनलला स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला हरवलं आणि मास्टर्स १००० (ग्रँडस्लॅमच्या खालोखालची स्पर्धा) जिंकणारा इतिहासातला सगळ्यात खालच्या रँकिंगचा खेळाडू ठरला. ती बातमी आली त्या दिवशी मला फार वाईट वाटलं की २०२४ ला तो आठवडाभर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर खेळत होता आणि मी गेले नाही, कारण मीही तेव्हा तुमच्यासारखंच म्हणाले होते की ओळखीचं कोण आहे. २०२५ ला सुट्टी टाकून गेले म्हणून आता बरं वाटतं.

शिवाय या स्पर्धेत पणाला काय लागलेलं असतं ते बघा. रँकिंगचे पॉइंट ५२ आठवडे टिकतात, नंतर गळून पडतात. ग्रँडस्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये (मुख्य फेरीत) थेट जायचं तर साधारण पहिल्या शंभरात असावं लागतं. म्हणजे दीडशे नंबरच्या माणसाला बालेवाडीतली एखादी क्वार्टरफायनल पुढच्या ग्रँडस्लॅमच्या दारापर्यंत नेऊ शकते किंवा मागे ढकलू शकते. बऱ्याच जणांबरोबर कोचही नसतो, बॅग स्वतःच उचलून येतात, हरले की स्वतःच उचलून जातात. २०२३ ला १५ वर्षांचा आपला मानस धामणे वाइल्डकार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट जागेवर) इथल्या एटीपी २५० चा मेन ड्रॉ खेळला, अमेरिकन खेळाडूकडून सरळ दोन सेटमध्ये हरला, पण त्या वयाच्या पोराला पुण्यात, आपल्या लोकांसमोर त्या लेव्हलची सर्व्हिस परतवायला मिळाली. स्पर्धाच नसती तर कुठून मिळाली असती?

डबल्सबद्दल. सर्व्ह करणाऱ्याच्या मागे जाऊन बसा. नेटवरचा पार्टनर पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो, मी क्रॉस करणार की जागेवर थांबणार. ती खूण तुम्हाला दिसते आणि समोरच्या जोडीला दिसत नाही, त्यामुळे पुढच्या दोन सेकंदात काय होणार हे अर्धं तुम्हाला आधीच माहीत असतं. भाचीला चार-पाच गेमनंतर ती भाषा कळायला लागली आणि ती हळूच माझ्या कानात सांगायची, आता पळणार. रोहन बोपण्णाने याच ठिकाणी दोनदा डबल्स जिंकलीये, २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर. भारतात डबल्स बघायची नाही तर काय बघायचं!

एक मात्र मान्य. रिप्ले, आकडे, सर्व्हिसचा वेग हे सगळं टीव्हीवर उत्तम मिळतं आणि बाहेरच्या कोर्टवर नवख्या माणसाला स्कोअर लक्षात ठेवणंही जड जातं. ऑस्ट्रेलियन ओपन मीही घरीच बघते, पहाटे चहा करून क्वालिफाइंगपासून फायनलपर्यंत.

पुढच्या वेळी चॅलेंजर लागली तर एक दिवस या. शनिवार-रविवार नको, मंगळवार किंवा बुधवार, सकाळी दहाच्या आत, तेव्हा सगळ्या कोर्टवर मॅच चालू असतात. पहिला सेट नेटच्या रेषेत बाजूला बसून बघा, दुसरा बेसलाइनच्या मागे, जमेल तितकं खाली. टोपी आणि पाणी घ्या, दुपारी तिथे सावली कमी आहे, संध्याकाळी मात्र अंगावर काहीतरी लागतं. आम्ही दोघी बहुतेक बाहेरच्या कोर्टवर डबल्स बघत असू, या तिकडे.