हद्द ठरली, कृतीचं काय?

हापूस वलसाडचा असू शकतो का, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढी जुंपली की चिपळूणच्या काकांनी ग्रुपच सोडला. मूळ बातमी साधी होती. वलसाडच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळावं म्हणून अर्ज गेला आणि कोकणातल्या बागायतदारांनी त्याला हरकत घेतली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ सालीच मानांकन मिळालेलं आहे, मग गुजरातचं इथे काय काम, असा आमच्या मंडळींचा सवाल. मी राहते इंग्लंडमधल्या लेस्टरला. इथे आमच्या गल्लीत मराठी घर एकच, बाकी बरेचसे गुजराती, त्यांतले काही थेट वलसाड-नवसारीकडचे. त्यांच्या ओट्यावर बसून हा सवाल विचारायची माझी छाती नाही. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, तेव्हा बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानांतून रत्नागिरी आणि वलसाड दोघंही एकदमच गायब झाले होते, एवढंच सांगून मी विषय बदलते.

पण या वादात मला बोलायचंय, आणि ते आंब्यापेक्षा चीजच्या बाजूनं. कारण मी राहते तो मुलुख चीजचा आहे. नावं, हद्दी आणि नियम यांची भांडणं इथे आपल्या कितीतरी आधी सुरू झाली, आणि त्यांचे बरेवाईट परिणाम दुकानाच्या फळीवर मांडलेले दिसतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्टिल्टनचं. निळ्या शिरांचं, खारट, जिभेवर विरघळणारं चीज. वास मात्र असा की आमच्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा फ्रिज उघडून म्हणाल्या, "आत काही मेलंय का गं?" साधारण आठ किलोच्या एका गोळ्याला ७५ लिटरच्या वर दूध लागतं. गोळा दाबायचा नाही, तो स्वतःच्याच वजनानं निथळतो. मग सुरीनं त्याची बाहेरची बाजू लिंपल्यासारखी गुळगुळीत करतात, आणि सहाएक आठवड्यांनी त्यात पोलादी सुया आरपार खुपसतात. त्या भोकांतून हवा आत गेली की बुरशीला निळा रंग चढतो. कायदा असा की हे चीज डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, तिथल्याच दुधापासून करायचं. स्टिल्टन नावाचं गाव आहे केंब्रिजशरमध्ये. म्हणजे स्टिल्टन गावात स्टिल्टन करायला बंदी! अठराव्या शतकात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाड्या त्या गावातल्या बेल इन या खाणावळीशी थांबत, तिथे हे चीज विकलं जाई, आणि विकणाऱ्या गावाचं नाव त्याला चिकटलं. गावकऱ्यांनी अलीकडे हद्द वाढवून मागितली, सरकारनं नाही म्हटलं.

ही गंमत इथे सगळे सांगतात आणि हसतात. मला स्वतःला ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. कुठेतरी रेघ ओढायलाच लागते आणि रेघेच्या बाहेरचा कुणीतरी नाराज होतोच. त्याच नियमातलं दुसरं कलम मात्र मला खटकतं. स्टिल्टनसाठी दूध पाश्चराइज केलेलंच हवं. पिढ्यानुपिढ्या हे चीज कच्च्या दुधाचंच व्हायचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी चीजमुळे आजार होतात अशी घबराट पसरली आणि कच्च्या दुधावर टिकून राहिलेल्या शेवटच्या डेअरीनंही १९८९ मध्ये ते सोडलं. १९९६ मध्ये युरोपीय संघाचं संरक्षण मिळालं तेव्हा त्या घडीला जी पद्धत चालू होती, तीच कायद्यात कायम झाली. २००६ मध्ये नॉटिंगहॅमशरमध्येच, म्हणजे हद्दीच्या आत, जो श्नायडर या चीजकारानं कच्च्या दुधाचं निळं चीज पुन्हा सुरू केलं. जुन्या पद्धतीच्या जास्त जवळचं, पण त्याला स्टिल्टन म्हणता येत नाही. मग त्यानं स्टिल्टन गावाचंच एक जुनं नाव शोधून चीजला दिलं, स्टिचल्टन. मी दोन्ही शेजारी ठेवून खाल्ली आहेत. स्टिचल्टनची चव उशिरा सुरू होते आणि घास संपल्यावरही चालू राहते. आणि दुकानात त्याच्याच शेजारी जर्दाळू किंवा क्रॅनबेरी घातलेलं पांढरं स्टिल्टन, स्टिल्टन हे नाव मिरवत, राजरोस बसलेलं असतं.

म्हणजे हद्द बरोबर आणि कृती चूक, असंही होऊ शकतं. आमच्या ग्रुपवरच्या शेकडो मेसेजांत हे कुणाच्या मनातही आलं नाही.

उलट उदाहरणही देते, नाहीतर इथल्या नियमांवर नुसती नाकं मुरडल्यासारखं होईल. ग्लॉस्टरशरमध्ये सिंगल ग्लॉस्टर नावाचं चीज होतं. डबल ग्लॉस्टरपेक्षा कमी सायीचं, लवकर तयार होणारं, शेतावरच्या माणसांनी घरात खायचं. ग्लॉस्टर जातीच्या गाई, काळपट तांबूस अंगाच्या आणि पाठीवरून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा असलेल्या, १९७० च्या सुमारास नामशेष होण्याच्या बेतात होत्या. चार्ल्स मार्टेल नावाच्या शेतकऱ्यानं त्या उरल्यासुरल्या गाई जमवल्या आणि चीजही पुन्हा करायला घेतलं. पुढे संरक्षण मिळालं तेव्हा नियमात घातलं गेलं की सिंगल ग्लॉस्टर त्याच शेतावर व्हावं जिथे ग्लॉस्टर गाईंचा कळप आहे. या एका वाक्यानं गाईला काम मिळालं. असं वाक्य नियमात घालायला गाय कुठे आहे हे पाहिलेला माणूस लागतो, नुसता नकाशा पाहणारा नाही. डबल ग्लॉस्टरला मात्र असलं काहीच संरक्षण नाही, ते कुणीही कुठेही करावं.

चेडरचं तर विचारूच नका. समरसेटमधलं हे गाव, पण नाव इतकं आधी जगभर गेलं की परत बोलावणं अशक्य झालं. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हार्डिंगनं कृती नीट बसवली, येईल त्याला शिकवली, आणि ती समुद्रापार गेली. आज संरक्षण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' या लांबलचक नावाला. समरसेट, डॉर्सेट, डेव्हन आणि कॉर्नवॉल या चार काउंट्यांत, शेतावर, दह्याच्या वड्या हातानं एकावर एक रचून आणि उलटसुलट करून, निदान नऊ महिने मुरवलेलं. नाव लांब आहे खरं, पण त्यात कामाची कलमं आहेत. दर शनिवारी मी बाजारातून याचाच तुकडा आणते. ज्वारीच्या गरम भाकरीवर किसून वर लसणाचा ठेचा घातला तर समरसेटच्या माणसालाही हरकत नसावी.

(शाकाहारी वाचकांसाठी: पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, असतं. इथल्या बऱ्याच चीजमध्ये आता वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट वापरतात आणि पाकिटावर शाकाहारी असल्याचं छापतात. इटलीच्या पार्मेजानो चीजच्या नियमात मात्र वासराचंच रेनेट सांगितलं आहे, त्यामुळे 'चीजच आहे, खाऊन टाक' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.)

माझ्याच शहराची गोष्ट सांगायची राहिली. रेड लेस्टर हे इथलं चीज. त्याचा केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं रेशनसाठी जवळजवळ सगळं दूध एकाच ठोकळेबाज, चेडरच्या जातीच्या चीजकडे वळवलं. शेंद्री वापरायलाही मनाई होती. रेशन १९५४ पर्यंत चाललं आणि तोवर गावोगावची कितीतरी चीजं करणारे हात उरले नव्हते. लेस्टरशरच्या शेतावर कच्च्या दुधाचं, फडक्यात बांधून मुरवलेलं रेड लेस्टर पुन्हा व्हायला २००५ उजाडलं, तेही मार्केट बॉसवर्थजवळच्या एका शेतकरी कुटुंबाच्या हट्टापायी. रेड लेस्टर या नावाला आजही संरक्षण नाही. सुपरमार्केटमधला केशरी ठोकळा कुठूनही आलेला असतो. संरक्षण नसताना नावाचं काय होतं हे पाहायला मला लांब जावं लागत नाही.

म्हणून मानांकनच नको, असं म्हणणाऱ्यांच्या गटात मी नाही. यॉर्कशरमध्ये हॉज गावची वेन्स्लीडेल चीजची डेअरी १९९२ मध्ये मालक कंपनीनं बंद केली आणि उत्पादन नेलं कुठे, तर जुना वैरी असलेल्या लँकशरला. यॉर्कशरच्या माणसाला याहून मोठा अपमान सुचवता येणार नाही. तिथल्याच व्यवस्थापकांनी डेअरी विकत घेऊन काही महिन्यांत पुन्हा चालू केली, आणि २०१३ मध्ये यॉर्कशर वेन्स्लीडेलला संरक्षण मिळालं. आमच्या काकांना ही गोष्ट सांगितली तर ते यॉर्कशरच्या बाजूनं लगेच ग्रुपवर परततील. पण त्याच यॉर्कशरमध्ये 'यॉर्कशर फेटा' विकणाऱ्यांना ग्रीसच्या हक्कामुळे नाव बदलावं लागलं, हेही त्यांना ऐकवायला हवं. नियम आपल्या बाजूनं असला की न्याय आणि समोरच्याच्या बाजूनं असला की जाच, हे वेन्स्लीच्या खोऱ्यात आणि कोकणात सारखंच.

आपल्याकडे मानांकन मिळालं की गुलाल उधळला जातो, आणि तिथेच काम संपतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडानं तशाच चपला मिलानच्या रॅम्पवर आणल्या तेव्हा कळलं की भारतातली नोंद तिकडे चालत नाही. प्राडाला शिव्या घालण्यात माझाही वाटा होता, पण चांभाराच्या हातात त्या सहा वर्षांत काय पडलं, हे विचारणारे थोडेच होते. हापूसचंही तेच. वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यासाठी वलसाडकडे बोट दाखवायची गरज नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिलचे ट्रेडिंग स्टँडर्ड्सचे अधिकारी दुकानात येऊन लेबल तपासू शकतात. त्यांचीही संख्या अपुरी असते, पण निदान ते कुणाचं काम आहे हे ठरलेलं आहे.

वलसाडच्या अर्जावर हरकत जरूर घ्या. मात्र सुनावणीला जाताना आणखी थोडे प्रश्न बरोबर न्या. झाडावरून किती तयार झालेलं फळ उतरवायचं? ते पेंढ्याच्या अढीत पिकवायचं की कार्बाइडच्या पुड्यांवर, ज्यांना कायद्यानं आधीच बंदी आहे? आंब्याचं कलम कुठलं? पेटी फोडून पाहणार कोण, आणि खोटी निघाली तर दंड कुणाला? हे प्रश्न वलसाडला विचारले की लगेच रत्नागिरीलाही विचारावे लागतील, आणि माझा अंदाज असा की आमच्या ग्रुपवर खरी भांडणं तेव्हा सुरू होतील.